टेकडीवरची होडी

"मग तुझा प्रोग्रॅम चुकला कुठं?" नरहरबुवांनी विचारलं.

"इथंच. तुमच्या टेकडीवर," शर्वाणी म्हणाली.

बुवांनी उभा जन्म नदीवर होडी चालवली होती. आता ते टेकडीवरच्या देवळात राहत. शर्वाणीला पोहायला त्यांनीच शिकवलं. पुढं ती पुण्याला गेली, आणि उपग्रहानं टिपलेल्या चित्रांतून होड्या आपोआप शोधणारा प्रोग्रॅम तिनं तयार केला. पूर आला तर कोणत्या गावाजवळ किती होड्या आहेत, हे तहसीलदारांना आधीच कळावं म्हणून.

तिनं लॅपटॉप बुवांपुढं सरकवला. नदीकाठानं हिरव्या चौकटी होत्या, प्रत्येकीत एक होडी. एक चौकट मात्र पाण्यापासून लांब, देवळामागं.

"एकशे चौदा होड्या अचूक शोधल्या त्यानं. आणि ही एकशे पंधरावी, टेकडीवर." तिला हसू आलं. "यादीतून काढून टाकली मी. छप्पर असेल, नाहीतर लांबट खडक. तो कशाला फसला, तेवढं बघायला आले."

"आधी काढलीस, मग बघायला आलीस?"

"बुवा, पाणी इथून मैलभर लांब आहे…"

बुवा काठी घेऊन उठले आणि देवळामागं चालू लागले. शर्वाणी मागोमाग गेली.

दोन ओंडक्यांवर होडी ठेवली होती. वल्ही आत आडवी. शर्वाणीनं हात लावला, तर बोटाला ओलं डांबर लागलं.

"ही… इथं कुणी आणली?"

"गावानं. वीस माणसं लागतात. मोठ्या पुराच्या साली काठावरच्या सगळ्या होड्या पहिल्या लोंढ्यातच गेल्या. पोरंबाळं दोन दिवस कौलांवर बसून होती. तू तेव्हा पुण्यात होतीस. तेव्हापासून पावसाळ्याआधी एक होडी वर येते. खालच्या गेल्या तरी ही राहते."

पुरात जी हमखास उरणार, नेमकी तीच शर्वाणीनं खोडली होती.

मग तिला आठवलं, यादी अजून तहसीलदारांना पाठवलेली नाही. परवा जायची आहे. ती ओंडक्याच्या टोकाला टेकली. खालून गार वारा येत होता. बऱ्याच दिवसांनी तिला इतकं हलकं वाटलं.

"म्हणजे माझा प्रोग्रॅम माझ्याहून शहाणा निघाला."

"शहाणा कसला… होडी कुठं असावी, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही."

शर्वाणी ओशाळली. "पुढच्या आठवड्यात मी तेच शिकवणार होते त्याला, होडी पाण्याजवळच असते म्हणून."

बुवांनी आतलं एक वल्हं नीट सरकवून ठेवलं.

"शिकव की," ते म्हणाले. "पण आधी आमची होडी लिहून घे."