जनरेटरने दिलेला आराम

फार मागची गोष्ट. वैशाख वद्य पंचमी होती, उन्हाची काहिली होत होती. गिरणीतल्या म्हाताऱ्या मोटरची दया येऊन जनरेटरने आपला वेग उतरवला. "आजी, आता सावकाश फिरा," तो म्हणाला.

व्होल्टेज तेच राहिलं, पण वेगाबरोबर फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला होणारी विजेची आवर्तनं, घटली. मोटर जास्तच करंट ओढू लागली आणि त्यातला बराचसा दळणाच्या कामी येईना. पॉवर फॅक्टर, म्हणजे कामी येणाऱ्या विजेचा वाटा, घसरला. असल्या वायफळ करंटचा भार उचलायला तिच्या शेजारी कपॅसिटर बसवलेला होता; धापा टाकत ती त्याला म्हणाली, "मेल्या, रोजच्यासारखा हात दे ना!"

कपॅसिटर हादरलाच. "देतोय हो आजी! पण फ्रिक्वेन्सी घटली की माझंही बळ घटतं. जनरेटरदादा, वेग वाढवा, आजी जळतील!"

"जळतील? अरे, मी तर आराम दिला!"

त्याने वेग वाढवला तेव्हा मोटरच्या तारांचं वाइंडिंग जादा करंटने तापून जळून गेलं होतं.