नरूमामाला घातलेली हाक

अन्नपूर्णामाय, कान दे, तुझी कहाणी आहे. बायांनो, तुम्हीही ऐका. ज्यानं ही लिहून काढली त्यानं ती लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली. नदी गावाच्या कोणत्या अंगाला होती, म्हातारी तीन दिवस आली की पाच, हे त्याला आता छातीठोक सांगता येत नाही. आठवलं तसं लिहिलं आहे. उणंअधिक झालं असेल तर माय, पदरात घे.

तर एक होतं आटपाट गाव. गावाला नदी. अलीकडे घरं, पलीकडे पानमळे. तिथं गोदावरी नावाची बाई होती. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली, मागं रांगता भाऊ राहिला. त्याचं नाव नरहरी. गोदूनं त्याला कडेवर घेतलं. कडेवर घेऊन पाणी भरलं, कडेवर घेऊन भाकरी थापली. पुढं लग्न होऊन सासरी आली ती त्याचं बोट धरून. सासू म्हणाली, नवरीबरोबर पाठराखीण येते, हिनं पाठराखा आणला. पण सासू भली होती. तीच त्याला घास भरवू लागली.

मग गोदूबाईनं सासूकडून वसा घेतला. वसा कसला? रोज दुपारी रांधून झालं की उंबऱ्यावर यावं आणि तीन हाका घालाव्या. पहिली वेशीकडे, दुसरी देवळाकडे, तिसरी नदीकडे. "वाटसरू, पांथस्थ, कुणी जेवायचं राहिलं असेल तर या हो." येईल त्याला वाढावं, मग आपण जेवावं. गोदूबाईचा आवाज खणखणीत. हाक ऐकून गोसावी येत, कासार येत, कुणाची चुकार गाढवंही येत. गाढवांनासुद्धा ती रिकामं धाडत नसे.

नरहरी मोठा झाला. पैलतीरी पानमळा केला, तुळसा नावाची बायको केली. जेवायला मात्र दोघं बहिणीकडेच.

एकदा काय झालं? गोदूबाईनं पूजा मांडली, गावजेवण घातलं. नरहरी पहाटेपासून राबला. पाणी वाहिलं, लाकडं फोडली, पंगती वाढल्या. एक पंगत उठली, दुसरी उठली, तिसरी उठली. मग तो हातपाय धुऊन आत आला, तर भांडी पालथी घातलेली. गोदूबाई हसून म्हणाली, "तू काय, घरचाच. तुझं संध्याकाळी बघू." नरहरीनं ओले हात पुसले. तुळसाला घेऊन नदी उतरला, तो परत आला नाही.

लोकांनी विचारलं की नरहरी म्हणे, बोलावल्याशिवाय कसा जाऊ? गोदूबाई म्हणे, घरच्याला काय बोलवायचं? अशी बारा वर्षं गेली. बारा भाऊबिजांना तिनं चंद्राला ओवाळलं. वसा चालूच होता, दारचा कुणी उपाशी गेला नाही. पण तिच्या स्वतःच्या पानातली चव गेली. मीठ घातलं तरी अळणी, गूळ घातला तरी सपक, तूप घातलं तरी कोरडं.

मग तिच्या लेकीचं, कृष्णीचं, लग्न ठरलं. चार दिवस राहिले. नवरीला बोहल्यावर आणायचं मामानं. कृष्णी म्हणाली, नरूमामा नसला तर मी खोलीबाहेर यायची नाही. वरमाईचा निरोप आला की चुलतमामाही चालेल. कृष्णीनं आतून कडी घालून दाखवली.

घरधनी ओसरीवर सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "अगं, अक्षत घे आणि नदी ओलांड."

"अक्षत परक्यांना देतात. भावाच्या हातावर अक्षत ठेवली की तो परका झाला. मग मामा कुठून आणू?"

"मग चंद्रालाच सांग मुलीला बोहल्यावर आणायला," तो म्हणाला, आणि पुन्हा सुपारी कातरू लागला.

त्या दुपारी हाक ऐकून एक म्हातारी आली. गोदूबाईनं पुरणपोळी वाढली. म्हातारी पानावर बसली, हात न लावता उठली. म्हणाली, तुझ्या घरचं एक माणूस जेवायचं आहे, ते जेवलं की मी जेवीन. गोदूबाईनं घर मोजलं, सगळे जेवलेले. दुसऱ्या दिवशी खीर केली. म्हातारी बसली, तेच म्हणाली, उठली. तिसऱ्या दिवशी सांजोऱ्या केल्या. म्हातारी बसली, तेच म्हणाली, उठू लागली. लग्न उद्यावर आलेलं. गोदूबाईनं तिचे पाय धरले. माय, माझं काय चुकलं ते सांग, मी कुणाला उपाशी धाडलं?

म्हातारी म्हणाली, "परक्यांना पोट असतं हे तुला कळतं. घरच्यांना मान असतो हे कळत नाही. आधी घरच्यांना नावानं हाक घाल, समोर बसलेल्यालाही घाल. मग गावाला, मग वाटसरूला. घेशील तो वसा सोडू नको, केलंस म्हणून मिरवू नको."

गोदूबाई उंबऱ्यावर आली. पहिली हाक उंबऱ्यातच विरली. दुसरी गल्लीपर्यंत गेली. तिसऱ्या वेळी तिनं पदर खोचला आणि नदीकडे तोंड केलं. "नरू, जेवायला ये रे. तुझं पान वाढलंय."

पानमळ्यात नरहरी वेल बांधत होता. हातातली दोरी तशीच टाकली आणि निघाला. वैशाखातली नदी, गुडघाभर पाणी. चिखलाच्या पायांनी तो थेट पानावर येऊन बसला.

गोदूबाई म्हणाली, "बारा वर्षं भूक नव्हती होय रे?"

"होती. तू वाटसरूंना बोलवत होतीस. मी काय वाटसरू आहे?"

"घरच्याला बोलवायचं असतं हे मला कुणी शिकवलं नाही."

"आणि मला तू न बोलावता यायला शिकवलं नाहीस. वाढ आता, बोलतेस काय."

तिनं वाढलं. तो जेवला. दोन सांजोऱ्या, चार सांजोऱ्या, सात सांजोऱ्या. मग गोदूबाईनं मागं वळून पाहिलं, तर म्हातारीचं पानही चाटूनपुसून स्वच्छ, आणि म्हातारी नाही. गोदूबाईनं उरलेला तुकडा तोंडात टाकला. गोड लागला.

दुसऱ्या दिवशी नरूमामानं फेटा बांधला, कृष्णीला बोहल्यावर आणलं, आणि नवरीपेक्षा जास्त रडला. घरधनी म्हणाला, चंद्र बरा होता, तो तरी रडत नव्हता.

पुढं गोदूबाईला नातवंडं झाली. जेवणाआधी ती एकेकाला नावानं हाक घाली. पाटावर बसून घास घेणाऱ्यालाही घाली. पोरं म्हणत, आजी, मी इथंच आहे. ती म्हणे, आहेस ना, मग ओ दे. सगळ्यांचे ओ ऐकून मगच ती पान घेई. असं तिनं मरेपर्यंत केलं.

जसा गोदूबाईला भाऊ भेटला, तशी तुमची आमची रुसलेली माणसं पानावर येवोत. लांबलेल्या उत्तरांची ही कहाणी थोडक्या उत्तरांत फळाला आली, पुरी झाली.

एक गोष्ट मात्र पडताळलेली आहे. आजी गेल्यावर कितीतरी वर्षांनी ही कहाणी लिहिणाऱ्या नातवानं पैलतीरी जाऊन थकलेल्या तुळसाआजीला विचारलं, त्या बारा वर्षांत तुम्हाला हाक ऐकू येई का? ती म्हणाली, "न येऊन सांगते कुणाला? रोज तिसरी हाक ऐकल्याशिवाय हे घास उचलत नसत. गोदाक्काला रांधायला उशीर झाला की इकडं मीही उपाशी."