वस्तादांची खुर्ची

“...मग वस्ताद, आज तरी सांगा. झालो का मी तयार?”

दस्तगीर वस्तादांनी बशीतला चहा फुंकला... आणि फुंकतच राहिले.

विचारणारा रणधीर थोरवत. इंजिनिअर माणूस. जुन्या ट्रॅक्टरांच्या प्रदर्शनाला अख्खं घर घेऊन आला होता. आई, बायको, धपाट्यांचा डबा आणि सत्तर वर्षांचा एक ट्रॅक्टर. चौघांत देखणा ट्रॅक्टरच. घरच्यांनी राग मानू नये.

भंगारातून आणलेला. तीन वर्षं दर रविवारी वस्तादांच्या हाताखाली राबून रणधीरनं तो उभा केला होता. काम म्हणाल तर बघत राहावं असं. रंग इतका तुकतुकीत की माशीसुद्धा वर बसून मिशा नीट करून घेत होती.

मागं दोन बांबूंना फ्लेक्स बांधलेला. त्यावर ट्रॅक्टर इवलासा, रणधीर मोठा. काळा गॉगल लावून.

त्या फ्लेक्सच्या सावलीत सतरंजीवर त्याची बायको नयना आणि आई बसल्या होत्या.

“सांगाच वस्ताद,” नयना म्हणाली. “तयार म्हणालात तर माझे रविवार मला परत मिळतील. तसं ठरलंय आमचं.”

“अन् न्हाई म्हणालो तर?”

“तर ट्रॅक्टर विकायचा. तेही ठरलंय.”

रणधीर हसला. न्हाई म्हणतील असं त्याला वाटतच नव्हतं.

वस्तादांनी बशी खाली ठेवली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. समोर ट्रॅक्टर आहे की म्हैस, हे ते वासावरून सांगत.

“सुरू कर.”

या म्हाताऱ्या ट्रॅक्टरला किल्ली नसते. आधी दिव्याच्या ज्योतीनं त्याचं डोकं तापवायचं. मग स्टिअरिंग उपसून काढायचं, इंजिनाच्या बगलेतल्या जाड चाकात खोवायचं आणि द्यायचा झटका.

रणधीरनं तापवलं. खोवलं. गर्दीचे मोबाईल वर झाले. त्यानं मोबाईलकडं बघत झटका दिला.

धप्... धप्... धप्...

काय आवाज! जमीन पोट धरून हसत होती. धुरांड्यातून धुराची कडी एकामागून एक निघाली. लोकांनी टाळ्या पिटल्या. परीक्षकांनीही पिटल्या. त्यांना यातलं तेवढंच येत होतं.

वस्तादांनी मान तिरकी केली... डोळे मिटले...

मग उठले. आपली घडीची खुर्ची उचलली आणि ट्रॅक्टरच्या पुढ्यात, चार हातांवर, मांडून बसले.

“वस्ताद, अहो चिरडले जाल!” रणधीर सीटवरून ओरडला.

“पोरी, आक्कांना घेऊन हिकडं ये. माझ्या मागं. डबाबी आण.”

नयना गोंधळली. आईनं मात्र आधी डबा उचलला, मग चपला. शहाणी बाई.

“वस्ताद, ट्रॅक्टर पुढं येणार आहे!”

“ये की.”

गर्दी खदखदून हसली. रणधीरचे कान तापले. त्यानं पहिला गिअर टाकला आणि दातओठ खात हळूहळू क्लच सोडला...

ट्रॅक्टर मागं गेला.

सतरंजीवरून गेला. बांबू कडाकड मोडले. फ्लेक्सवरच्या गॉगलवर मागचं चाक चढलं आणि तिथंच थांबलं.

एकसिलिंडरी म्हाताऱ्याची ही जुनी खोड. झटका चुकला तर इंजिन उलटं फिरतं. धूर तोच, धपधप तीच. फक्त पुढचा गिअर मागं नेतो.

रणधीरनं इंजिन बंद केलं. खाली उतरला. मैदानात कुणी हसेना. हसावं असं फार वाटत होतं, तरीही.

“तुम्हाला कळलं होतं?”

“हं.”

“मग सांगितलं का नाही?”

“ते सांगत हुतं की. केवढ्यानं वरडून.”

...

रणधीरनं स्टिअरिंग उपसून वस्तादांपुढं धरलं. “तुम्हीच करा.”

वस्तादांनी ते त्याच्याच छातीशी ढकललं.

त्यानं पुन्हा तापवलं. पुन्हा झटका.

धप्... धप्... धप्...

पुन्हा टाळ्या. “घाल गिअर!” कुणीतरी ओरडलं. रणधीर सीटवर चढलाच नाही. चाकाशी उभा राहून त्यानं डोळे मिटले. बराच वेळ... लोक कंटाळले. परीक्षकांनी घड्याळं बघितली.

वस्तादांनी आता निघावं म्हणून खुर्चीला हात घातला होता.

“उलटंच आहे,” रणधीर म्हणाला आणि सगळ्यांदेखत इंजिन बंद केलं.

“आता काय झालं हो याला?” गर्दी वैतागली.

वस्तादांनी खुर्चीवरचा हात काढून घेतला.

तिसऱ्यांदा झटका बसला. रणधीरनं ऐकलं... आणि हळूच म्हणाला, “वस्ताद, वाटेतून उठा.”

वस्ताद मुकाट उठले. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याचं ऐकलं.

ट्रॅक्टर पुढं निघाला. एका चाकावरच्या पत्र्यावर आई, दुसऱ्यावर नयना. अख्ख्या मैदानाला फेरी झाली. नयना उतरली ती खळखळून हसत, तोंडाला काजळी फासून. अशी ती लग्नातसुद्धा नटली नसेल.

“वस्ताद,” तिनं पदरानं तोंड पुसलं. “उत्तर राहिलंय. झाले का हे तयार?”

रणधीर मान खाली घालून गुडघ्यांवर बसला होता. टायरला चिकटलेला फ्लेक्स नखानं खरवडत. त्यानं वर बघितलं नाही.

वस्तादांनी खुर्चीची घडी केली, काखेत मारली...

“रविवारी याला जरा लवकर धाड, पोरी. अन् विकायचंच असंल कायतर, तर तो फ्लेक्स विक.”