सोनसाखळीची ओ

“बावीस वर्षांपूर्वी बुडालेल्या होडीला अजून हाक कशाला, आबा?”

जितेनने अखेर विचारलेच. सहलीच्या बोटी चालवण्याच्या परीक्षेत तो पहिला आला होता. तरी या लहानशा बंदरावर धुके उतरले की सगळ्यांचे कान म्हाताऱ्या पोसू नाखव्याकडेच लागत. धक्क्याच्या टोकाला उभा राहून नाखवा एकेका होडीचे नाव पुकारी. ओ आली की पुढचे नाव. त्या ओळखीच्या आवाजावर होड्या खडक चुकवून आत येत.

शेवटचे नाव ‘सोनसाखळी’चे. तिच्यावर नाखव्याचा थोरला मुलगा होता. तिची ओ कधीच आली नव्हती.

“येणारीला वाट ठाऊक असते,” नाखवा म्हणाला.

“मग हाक ...”

“आज तू मार.”

“परीक्षा घेताय?”

“घसा बसलाय माझा.”

सकाळ उजाडली होती, पण धुक्यात धक्क्यापलीकडचे पाणी दिसत नव्हते. जितेनचा धाकटा भाऊ पर्यटकांना घेऊन ‘जलपरी’तून डॉल्फिन दाखवायला गेला होता.

जितेनने मासेमारीच्या होड्यांना हाका मारल्या. एकेकीची ओ आली. एकेक धक्क्याला लागली.

“जलपरी ...”

काही नाही.

“जलपरी ...”

तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज चिरकला.

“एक नाव राहिलं,” नाखवा म्हणाला.

“माझा भाऊ तिकडे खडकांत आहे, आबा. आणि तुम्ही ...”

“एक नाव राहिलं.”

जितेन पुन्हा धुक्याकडे वळला.

“सोनसाखळी ...”

बराच वेळ केवळ पाणी धक्क्याला आपटत राहिले.

मग खडकांच्या बाजूने, अगदी सावकाश, ओ आली.

जाळी उतरवणारे हात थबकले. कुणी कुणाकडे पाहिले नाही.

थोड्या वेळाने धुक्यातून ‘जलपरी’ बाहेर आली. सगळे सुखरूप होते.

“तुझी हाक काही ऐकू आली नाही, दादा,” भाऊ म्हणाला. “पुढे एक होडी होती, तिच्यामागून आलो म्हणून वाचलो, नाहीतर खडकावरच जात होतो. लागली का ती?”

धक्क्याला तिच्यापुरती जागा रिकामी होती. तिथले पाणी अजून हलत होते.

जितेन नाखव्यापाशी खाली बसला.

“आवाज ... ओळखलात, आबा?”

नाखव्याने डोक्यावरची लाल टोपी काढली आणि जितेनच्या डोक्यावर ठेवली.

“उद्या तिला आधी हाक मार.”