एक बंदूक, पाच गाठी

एका गावात शहाणे चिक्कार होते आणि भोळा एकच होता. त्याचं नाव धाकू. गावाचं जे काही वाटोळं झालं होतं ते शहाण्यांनी मिळून केलं होतं. धाकूचा त्यात हात नव्हता.

धाकूच्या बापाकडे एकनळी बंदूक होती. शेत रानाला लागून. भात पिकायला आलं की दिवेलागणीला डुकरं उतरायची. बाप हवेत एक बार काढायचा. डुकरं पळायची. मग बाप वारला. डुकरं राहिली.

बंदुकीचा परवाना आता कुणाच्या नावावर करायचा, यावर घरात बैठक बसली.

"माझ्या नावावर करा," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे धाकूचे थोरले काका.

पण परवान्याला कोरं चारित्र्य लागतं. अण्णांवर बांध कोरून केलेल्या मारामारीची केस होती. मधल्या काकांवर जुगाराची. अण्णांच्या जावयावर दारूची. सगळं घर खानदानी. धाकूवर मात्र एकही केस नव्हती. केस व्हायलाही थोडी अक्कल लागते.

"लागू दे धाकूचं नाव," अण्णा म्हणाले. "नाव त्याचं, बंदूक घरचीच."

परवाना धाकूच्या नावावर झाला. चौकीत म्हापणकर हवालदारांनी त्याच्या हातात तो दिला आणि सांगितलं, "हे बघ धाकू. परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याच्याच हातात. काका नाही, भाऊ नाही, जावई नाही. दुसऱ्याच्या हातात दिसली की परवाना रद्द, बंदूक जप्त, आणि तू आत. काय?"

"ज्याच्या नावावर त्याच्याच हातात," धाकू म्हणाला. विसरू नये म्हणून त्याने खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारली.

घरी आई वाट बघत होती. ती म्हणाली, "धाकू, बंदूक गेली तर भात गेलं. भात गेलं तर वर्षभर आपण काय खायचं रे? संभाळ बाबा."

"संभाळतो," धाकू म्हणाला. आणि संभाळायला लागला.

संध्याकाळी अण्णा टीव्हीवर बातम्या बघत होते. धाकूने विचारलं, "काका, विजेचा मीटर कुणाच्या नावावर?"

"आजोबांच्या. का रे?"

"आजोबा कुठे आहेत?"

"मेल्या, तुला माहीत नाही? वारले की ते, वीस वर्षं झाली."

धाकूने फ्यूज काढला. अंधारात अण्णा ओरडले. अंधारातच धाकूने विचारलं, "घरपट्टी कुणाच्या नावावर?"

"पणजोबांच्या!"

मग धाकूने सगळ्यांना हाताला धरून अंगणात काढलं. आधी अण्णांना, मग काकीला, मग ताटासकट मधल्या काकांना. आईलाही काढलं. शेवटी स्वतः बाहेर आला आणि दाराला कडी घातली. भोळा होता, पण पक्षपाती नव्हता.

आता यात धाकूचं काय चुकलं? शहाणी माणसं नाव बदलत नाहीत. नाव बदलायचं तर वाटण्या कराव्या लागतात. म्हणून आमच्याकडे मेलेली माणसं वीज जाळतात, घरपट्टी भरतात आणि निवडणूक आली तर मतदानालाही येतात.

अण्णांनी धाकूच्या पाठीत धपाटा घातला. "गाढवा! घरात नाव बघायचं नसतं. घरच्या माणसाने वस्तू मागितली की मुकाट द्यायची. काय?"

"घरच्या माणसाने मागितली की मुकाट द्यायची," धाकू म्हणाला. त्याने पंच्याला दुसरी गाठ मारली.

चार दिवसांनी अण्णांचा जावई आला. जावई शहरात काहीतरी करायचा. काय करायचा ते त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. त्याने मिशीवर हात फिरवला आणि म्हणाला, "धाकूशेठ, बंदूक द्या जरा. एक फोटो काढतो."

"तुम्ही घरचे का?"

"मग कुणाचा? सासऱ्यांना विचारा."

अण्णा झोपाळ्यावरून म्हणाले, "दे रे त्यांना. जावई म्हणजे मुलगाच."

धाकूने मुकाट दिली. जावयाने काळा चष्मा लावला, बंदूक आभाळाकडे धरली आणि मित्राला फोटो काढायला सांगितलं. फोटोत ऐट यावी म्हणून चापावर बोट ठेवलं. चाप ओढला गेला. अण्णांनी आदल्याच आठवड्यात गच्चीवर बसवलेली पाण्याची टाकी आरपार झाली. फोटो चांगला आला. मागे धार उडताना दिसत होती. जावयाने तो सगळ्या गावाला पाठवला. सगळ्या गावात म्हापणकर हवालदारही होते.

हवालदार आले तेव्हा जावई मागच्या दाराने शहरात गेला होता. अण्णांच्या एकदम छातीत कळ आली आणि ते पांघरूण घेऊन पडले. उभा राहिला तो धाकू.

"तुला काय सांगितलं होतं?"

"तुम्ही एक सांगितलंत. मग काकांनी दुसरं सांगितलं. दुसरं ताजं होतं."

हवालदारांनी कपाळाला हात लावला. "भोळा आहेस म्हणून या खेपेला लेखी समज देऊन सोडतो. पुढच्या खेपेला परवाना गेला. नीट ऐक. दुसऱ्याने बंदूक नुसती उचलली तरी तू समोर हजर पाहिजेस. नाहीतर तुझ्या सहीचा कागद पाहिजे. तेही दुरुस्तीला न्यायची असेल किंवा तुझंच काम असेल तर. जावयाच्या फोटोला नाही. डोळ्याआड झाली की गुन्हा. काय?"

"समोर हजर पाहिजे. डोळ्याआड झाली की गुन्हा."

आई दारात उभी होती. धाकू तिला म्हणाला, "घाबरू नको. आता कळलं." आणि त्याने तिसरी गाठ मारली.

पुढच्या रविवारी अण्णांच्या धाकट्या मुलीला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील जाडजूड आणि लाजाळू होते. प्रवासाने घामाघूम झाले होते. ते म्हणाले, "जरा आंघोळ केली असती. पंचा मिळेल का?"

जवळ धाकूच उभा होता. त्याने खांद्यावरचा पंचा दिला, गाठींसकट. पाहुणे न्हाणीघरात गेले. मागोमाग धाकूही गेला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"अहो! तुम्ही कुठे आत?"

"तुमचं चालू द्या. मी हजर आहे."

"हजर? बाहेर व्हा आधी!"

"बाहेर कसा होऊ? पंचा माझा. डोळ्याआड झाला की गुन्हा."

पाहुण्यांनी आतून दार लावायला बघितलं. धाकू आतच होता. मग ते ओरडले. ओरडणं ऐकून नवरा मुलगा धावत आला, अण्णा आले, काकी आली. पाहुणे बादलीच्या मागे बसले होते. बादली लहान होती.

सोयरीक मोडली. मुलीने मागच्या पडवीत पेढा खाल्ला. तिला तो मुलगा नकोच होता, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. शहाण्यांच्या घरात ती पद्धत नाही.

अण्णांनी चप्पल काढली. "डोकं आहे की खोकं? वस्तू दिल्यावर छातीवर उभं राहायचं नाही! वस्तू द्यायची, कागद घ्यायचा आणि घरी यायचं. मी आयुष्यभर कागदावर कारभार केला!"

ते खरं होतं. अण्णा माजी सरपंच. सात वर्षांपूर्वी पडले, पण शिक्का परत केला नाही. कुणी येऊन उभा राहिला की ते दाखला लिहायचे आणि खाली शिक्का मारायचे. वासरू हरवल्याचा दाखला. वासरू सापडल्याचा दाखला. तो दाखला कुठेच चालायचा नाही. पण शिक्का उमटताना अण्णांच्या तोंडावर जे तेज यायचं, ते लग्नातही आलं नव्हतं असं काकी सांगायची.

"वस्तू द्यायची, कागद घ्यायचा, घरी यायचं," धाकू म्हणाला. चौथी गाठ.

मग निवडणूक लागली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका चौकीत जमा करायच्या असतात. निकाल लागला की परत मिळतात. हवालदार गावात येऊन सांगून गेले, "जेवढ्या बंदुका, तेवढ्या जमा. एकही घरात राहता कामा नये."

धाकू लगेच गेला. बंदूक दिली, कागद घेतला. चारही गाठींत पहिल्यांदाच काही चुकलं नाही. हवालदारही खूश झाले. म्हणाले, "शाब्बास. ही पावती जपून ठेव. ही पावती म्हणजे बंदूकच समज."

"पावती म्हणजे बंदूकच," धाकू म्हणाला. पाचवी गाठ. पंचा आता पंच्यासारखा दिसत नव्हता.

भात पिवळं झालं होतं. दिवेलागणीला आई धावत आली. "धाकू, डुकरं उतरली रे!"

"तू थांब," धाकू म्हणाला. त्याने पेटीतून पावती काढली, बांधावर गेला, एक गुडघा टेकला आणि पावती डुकरांवर रोखली.

डुकरांनी बघितलं.

"ठो!" धाकू म्हणाला.

डुकरं परत खायला लागली. धाकूने पावती उलटी धरून बघितली. मग हवेत धरून बघितली. तोवर अर्धं शेत आडवं झालं होतं.

सकाळी आई बांधावर जाऊन बसली. धाकू तिच्याजवळ बसला. त्याने पाचही गाठी एकेक करून चाचपल्या. सगळ्या घट्ट होत्या. मग भात का गेलं, ते त्याला कळेना.

अण्णा आले. त्यांचंही शेत शेजारीच होतं. भावजयीचं भात संपलं की डुकरं आपल्याकडे येणार, एवढं गणित त्यांना येत होतं. ते धाकूला घरी घेऊन गेले. माळ्यावर गवताच्या भाऱ्यामागे हात घातला आणि एक जुनी ठासणीची बंदूक काढली. तिला परवाना नव्हता. कधीच नव्हता.

"आज संध्याकाळी दोन्ही शेतांवर तूच बस," अण्णा म्हणाले. सापडला तर धाकू सापडेल, असा साधा हिशोब होता. कर्त्या माणसांचे हिशोब साधेच असतात.

"ही कुणाची?"

"माझी. घरचीच समज."

"मग तुम्ही समोर हजर पाहिजे."

"मी? डुकरांसमोर? वेडा की काय!"

"मग सहीचा कागद पाहिजे. वस्तू दिली की कागद. तुम्हीच सांगितलंत."

कागद म्हटल्यावर अण्णांचा हात आपोआप खिशात गेला. सात वर्षांत कुणी इतक्या आदराने मागितला नव्हता. त्यांनी चष्मा लावला आणि लिहिलं, 'दाखला देण्यात येतो की, सदर बंदूक माझ्या मालकीची असून पुतण्या धाकू यास वापरण्यास दिली आहे.' खाली सही केली. शिक्का मारला. तोंडावर तेज आलं.

धाकू बंदूक घेऊन निघाला. आधी चौकीत गेला. जेवढ्या बंदुका, तेवढ्या जमा.

"ही अजून एक," तो हवालदारांना म्हणाला. "काकांची. कागद आहे."

हवालदारांनी कागद वाचला. मग उभं राहून वाचला. मग शिक्का बघितला आणि गाडी पाठवली.

अण्णा बनियनवर आले. "ही बंदूक माझी नाही. मी हिला ओळखत नाही."

"सही?"

"माझ्यासारखी दिसते."

"शिक्का?"

अण्णांचा हात लेंग्याच्या खिशावर गेला. शिक्का खिशातच होता.

"काका, असू दे," धाकू मायेने म्हणाला. "तसंही तुम्ही हजर पाहिजेच होता."

हवालदारांनी अण्णांना आत घेतलं. अटक केली की घरच्यांना लेखी कळवावं लागतं. तो कागद त्यांनी धाकूच्या हातात दिला. धाकूने तो वाचला. नाव होतं, तारीख होती, चौकीचा शिक्का होता. आता त्याला सगळं कळलं.

तो शेतावर आला तेव्हा दिवेलागण होत आली होती. काकी आईबरोबर बांधावर उभी होती.

"अरे, हे कुठे आहेत?"

धाकूने कागद तिच्या हातात ठेवला. "काकी, जपून ठेव. हा कागद म्हणजे काकाच समज. निकाल लागला की परत मिळतील."

काकीने कागद वाचला आणि तोंड उघडलं. तो ओरडा पार रानाच्या पलीकडे गेला. शेतात उतरलेली डुकरं जागच्या जागी वळली आणि जी पळाली ती तीन दिवस दिसली नाहीत. तीन दिवस काकीही थांबली नाही. तेवढ्यात आईने उरलेलं भात कापून घरात आणलं. अर्धंच होतं, पण होतं.

पलीकडच्या बांधावरचा बाबल घाडी धाकूकडे आला. त्याचं भात अजून उभं होतं.

"धाकू, एक संध्याकाळ तुझ्या काकीला आमच्या शेतावर पाठवतोस काय रे?"

धाकूने पंच्याच्या गाठी चाचपल्या. पहिली सोडली, दुसरी सोडली, तिसरीवर बोट थांबलं.

"पाठवतो की," तो म्हणाला. "पण मला सोबत यावं लागेल. डोळ्याआड झाली की गुन्हा."