मोरपंखी अक्षरांची पाटी

दोष महाराजांचाच होता. प्रधानांचं नाव मध्ये आणू नका, त्यांची पाळी पुढे आहे.

झालं असं, की चंद्रखेडच्या रणधवल महाराजांनी एका पावसाळ्यात, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, अक्षरांचं नवं वळण काढलं. प्रत्येक काना म्हणजे तलवार, प्रत्येक वेलांटी म्हणजे मोराची मान, आणि जिथं जागा उरेल तिथं पिसारा. नाव ठेवलं राजवळण. मग हुकूम सुटला: राज्यातल्या प्रत्येक दुकानाची पाटी राजवळणातच रंगवायची, नाहीतर दुकानाला टाळं.

दरबारातल्या एकाही म्हाताऱ्याला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. बोललं कोण? कोणी नाही. अप्पाजीपंत प्रधान म्हणाले, "काय तो डौल." शास्त्रीबुवांनी डोळे मिटून मान डोलावली. डोळे मिटले की वाचावं लागत नाही.

गावातल्यांचं भागत होतं, त्यांना दुकानं पाठ होती. फसायचे परगावचे. बायका बांगड्या भरायला म्हणून न्हाव्याकडे शिरायच्या.

आणि सगुणाचं गिऱ्हाईक सगळं परगावचंच. आईच्या पाटल्या मोडून तिनं वेशीजवळ दुकान बांधलं होतं. गाडीवानाला चिवडा, बैलाला पेंड. आता गाडीवान काही पाटीसमोर उभा राहून पिसारे बघत नाही. चालत्या गाडीतून नजर टाकतो. कळलं तर कासरा ओढतो, नाही कळलं तर पुढचं गाव गाठतो. तिला हवी होती जाड, साधी, लांबून दिसणारी अक्षरं.

ती थेट दरबारात गेली.

"महाराज, मला पाटीवर साधी अक्षरं हवीत. आपली वाचता येत नाहीत."

अप्पाजीपंत खाकरले. "पोरी, मोठ्यांसमोर असं बोलतात होय?"

"मग तुम्ही बोला ना पंत. तुम्ही तर चांगले मोठे आहात."

महाराज मिशीत हसले. "असं कर. ही अक्षरं वाचता येत नाहीत हे मी माझ्या तोंडानं म्हटलं, तर लाव तुला हवी तशी पाटी. दुकान उघडेपर्यंत मुदत. नाही म्हटलं, तर दुकान सरकारजमा."

"चालेल. मग दुकान उघडायला आपणच या. पाटी राजवळणातच असेल."

महाराज इतके खूश झाले, की पालखी आदल्या दिवशीच धुऊन ठेवली.

चंद्रखेडची एक रीत होती. नवं दुकान उघडलं, की पहिल्या पाहुण्यानं पाटीसमोर उभं राहून पाटीवरचा एक जिन्नस मागायचा. दुकानदाराला काही विचारायचं नाही. ती भवानी. खायची वस्तू असेल तर तिथंच खायची, आणि परत तर मुळीच करायची नाही. भवानी परत गेली, तर दुकान बसलंच म्हणून समजा.

ठरल्या दिवशी महाराज आले. मागोमाग पंत आणि शास्त्रीबुवा. वेशीवर ही गर्दी. सगुणानं पाटीवरचा पडदा ओढला. जिन्नसांच्या चार ओळी, चारही राजवळणात. तीन ओळींत मोर बेताचे. चौथ्या ओळीत मात्र मोरांची नुसती जत्रा भरलेली.

महाराजांनी पाटी न्याहाळली. डोकं डावीकडे कललं, मग उजवीकडे. काही केल्या अक्षर लागेना. पण इतक्या लोकांत कबूल कोण करणार? त्यांनी विचार केला, जिथं एवढे मोर, तिथं नक्कीच काहीतरी राजाजोगतं असणार. चौथ्या ओळीकडे बोट केलं.

"हे आण."

"नक्की, महाराज?"

"वाचूनच सांगतोय."

"आम्हालाही तेच," पंत घाईघाईनं म्हणाले. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून मान डोलावली.

चांदीच्या ताटल्या आल्या. प्रत्येकीत एक तपकिरी वडी, दगडासारखी. वास मात्र शेंगदाण्याचा, खमंग. महाराजांनी घास चावला आणि एकदम थांबले. हात गालावर गेला.

गर्दीत मागे एक बैल हंबरला.

पंत चावत होते. चावता चावता म्हणाले, "अहाहा. काय खुसखुशीत."

"राजयोग्य," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांना तर दातही नव्हते, नुसतेच चघळत होते.

"सगुणा," महाराज हळूच म्हणाले, "हे आहे काय?"

"पाटीवर लिहिलंय, महाराज."

"ते कळलं. पण आहे काय?"

"आपण वाचूनच मागितलंत की."

महाराज पाटीकडे बघत राहिले. मग वळले. "पंत, चौथी ओळ वाचा."

पंतांच्या कपाळावर घाम आला. "केशरी... केशरी वडी, महाराज."

"शास्त्रीबुवा?"

"मला तर चंद्रकळा दिसते."

"भुईमुगाची पेंड!" गर्दीतून एक गाडीवान ओरडला. "वाचता नाही आली, पण माझा बैल रोज हेच खातो."

एकच हशा पिकला. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. महाराजांचा चेहरा आधी लाल झाला. आता एक तर त्यांनी वाचून, समजून बैलाचं खाणं मागितलं होतं, नाहीतर त्यांना वाचता आलं नव्हतं. तिसरी वाट सगुणानं ठेवलीच नव्हती.

"नाही येत," महाराज म्हणाले. "माझीच अक्षरं, मलाच वाचता येत नाहीत."

"जरा मोठ्यानं, महाराज. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

तेव्हा मात्र महाराज पोट धरून हसले. हसताना गालावरचा हात काही निघेना. मग पंत आणि शास्त्रीबुवांकडे बोट करून त्यांनी विचारलं, "पण एवढे शहाणे माझ्या पदरी. यांनी कधीच का सांगितलं नाही?"

"सांगतील की," सगुणा म्हणाली. "आधी गिळू तर द्या."

वेशीजवळची जागा कायमची सगुणाच्या नावे झाली. वर एक दुभती म्हैस मिळाली. बाजारात ज्याला जी अक्षरं शोभतील ती लावायची मोकळीक झाली. न्हाव्यानं त्याच दिवशी पाटी बदलली.

महाराजांची एक दाढ गेली.