सात आसरांचा भाऊ

एकदा काय झालं, एका गावात एक साळी राहत होता. साळी म्हणजे मागावर लुगडी विणणारा, बरं का. त्याची बायको, मुलगी सगुणा आणि सगुणाचा धाकटा भाऊ केरू, एवढंच त्याचं घर. पोरं त्याला अप्पा म्हणायची. मधली भावंडं जगली नव्हती. म्हणून याला तरी दृष्ट लागू नये, असं केरकचऱ्यावरून त्याचं नाव केरू ठेवलेलं.

उन्हाळ्यात त्या गावची हवा इतकी कोरडी व्हायची की मागावरचा धागा तटातट तुटायचा. मग साळी माग बंद करायचा आणि सगळ्यांना घेऊन भिवामामाकडे नदीवर जायचा. नदी तेव्हा आटून बारीक झालेली असायची. मामा तिच्या वाळूत टरबुजांचे वेल लावायचा आणि फांद्यांचं खोपटं घालून मामीसकट तिथंच राहायचा. पोरं दिवसभर पाण्यात. टरबुजाचा रस कोपरापर्यंत ओघळलेला, केसांत वाळू, आणि कुणी रागावायचं नाही.

फक्त एका जागी जायचं नाही, अशी मामाची ताकीद होती. पलीकडे काळा कातळ होता आणि कातळाखाली डोह. त्या डोहात आसरा राहायच्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया. सातजणी, सख्ख्या बहिणी. भर दुपारी त्या वर येऊन कातळावर केस वाळवत बसायच्या. मामी दरसाल त्यांना दहीभात आणि हिरवी चोळी ठेवून यायची.

एका उन्हाळ्यात केरूच्या हातून टरबूज निसटलं आणि धारेला लागलं. केरू हसत हसत त्याच्यामागं धावला. सगुणानं हाका मारल्या, आईनं मारल्या, अप्पा तर उठून पळत सुटले. कुणाचीच चूक नव्हती, बरं का. टरबूज डोहात शिरलं, त्याच्यामागं केरू शिरला. मग पाणी थोडं हललं, आणि हलायचं थांबलं.

अप्पांनी बुड्या मारल्या. मामानं कोळ्यांची जाळी आणून डोह गाळला. काही म्हणता काही हाती लागलं नाही. आई खोपटात बसून राहिली. जेवेना की बोलेना. कोरडा पदर घेऊन पिळत बसायची, जणू त्यातून पाणी निघायचंय.

अप्पा म्हणाले, "आता इथं थांबून काय करायचं? घरी जाऊ."

मामा म्हणाला, "दाजी, ताईला नीट उभं राहता येत नाही. जरा थांबा."

सगुणानं ते ऐकलं. घरी जायचं? आणि केरू इथंच?

मग भर दुपारी सगळे पडलेले असताना ती उठली आणि एकटीच कातळाकडे गेली. पाहते तर काय, सातजणी बसलेल्या. हिरव्या चोळ्या, ओले केस, आणि एवढ्या उन्हात एकीचीही सावली नाही.

सगुणा म्हणाली, "बायांनो, माझा भाऊ द्या."

थोरली म्हणाली, "तो आता आमचा भाऊ. आम्ही साती बहिणी, आम्हांला भाऊ नाही. शेवाळाचा झोपाळा बांधलाय त्याला."

"हसतो का तो?"

साती जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. धाकटी हळूच म्हणाली, "नाही गं. नुसता बसून असतो. भाऊ असाच असतो का?"

"असा नसतो!" सगुणाला रडू फुटलं.

थोरलीनं विचारलं, "मग कसा असतो? आम्हांला काय ठाऊक? तुला आहे ना, मग आम्हांला दे ते. भाऊ असणं म्हणजे काय, ते दे. तेवढं मिळालं की आम्हांला तो नको. पण एकदा दिलंस की तुझ्याकडे उरायचं नाही, हां."

मग सगुणा डोळे पुसून खाली बसली. केरू चालायला लागला तो उन्हाळा तिनं सांगितला. वाळू तापली होती, त्याचे तळवे पोळत होते, आणि ती त्याला कडेवर घेऊन पाण्यापर्यंत धावली होती. सांगेल तसं ते तिच्यातून निघून गेलं. आणि डोहातून खोकल्याचा आवाज आला. केरूचा खोकला!

संध्याकाळी मामी तिला जवळ घेऊन म्हणाली, "कडेवरून खाली सोडायची नाहीस गं पोरी त्याला."

"मी?" सगुणा म्हणाली. मामीनं तोंडाला पदर लावला. पोरीनं हाय खाल्ली, असं वाटलं तिला.

दुसऱ्या दुपारी सगुणानं पुढचा उन्हाळा दिला. टरबूज खाऊन रिकामं झालं की केरू ते टोपीसारखं डोक्यावर घालायचा आणि दोघं वाळूत लोळून हसायची. तोही गेला. त्या दुपारी पाण्यावर केरूचं डोकं दिसलं. जरा वेळच, मग ते खाली गेलं.

तिसऱ्या दुपारी थोरलीनं विचारलं, "आता काय उरलंय तुझ्याकडे?"

सगुणा म्हणाली, "त्याचं तोंड. त्याचं नाव. आणि तो मला आक्का म्हणतो ते."

"तेच दे."

ऊन डोक्यावर, पण सगुणाला थंडी भरून आली. नाही दिलं, तर तो आपल्या मनात तरी राहील. दिलं, तर आईच्या मांडीवर बसेल. ती कितीतरी वेळ पाण्याकडे बघत होती. मग तिनं दिलं.

पाणी फुटलं. एक पोर नाकातोंडातून पाणी टाकत वर आलं आणि तिला येऊन बिलगलं. "आक्का!"

सगुणानं त्याच्याकडे बघितलं. "तू कुणाचा रे?"

आता नका रडू गं. पुढं ऐका.

आईनं केरूला बघितलं आणि ती बोलायला लागली. अप्पांनी त्याला खांद्यावर घेतलं. सगळी घरी आली, माग पुन्हा सुरू झाला. पण सगुणा केरूशी पाहुण्याच्या पोराशी वागावं तशी वागायची. भाकरीचा मोठा तुकडा त्याला द्यायची. तो काही म्हणाला की हो म्हणायची. कधी रागवायची नाही. केरू सांगायचा, "आक्का, आपण अशी खेळायचो, तशी खेळायचो." ती मान हलवायची. दुसऱ्या कुणाचं तरी ऐकावं तसं ऐकायची. मग केरू मागाखाली जाऊन बसायचा आणि रडायचा. आईला दिसायचं, पण ती काय करणार?

पावसाळा गेला. थंडी आली. एकदा सगुणानं बोरं गोळा करून आणली आणि फडक्यात बांधून ठेवली. येऊन बघते तर फडकं रिकामं, आणि केरूचे गाल फुगलेले.

"मेल्या, सगळी खाल्लीस?" तिनं त्याचा कान पिळला.

"सगळी नाही! एक आहे!"

"दाखव!"

"तोंडात आहे!"

मग जी जुंपली दोघांची! तिनं त्याची शेंडी ओढली, त्यानं तिच्या दंडाला चावा घेतला. मागावर बसलेल्या आईचा हात थांबला. अप्पा ओरडायला उठले, तर आईनं त्यांचं धोतर धरून खाली बसवलं. म्हणाली, "भांडू द्या हो. पोटभर भांडू द्या." आणि ती रडत होती आणि हसत होती.

नदीवरचे ते उन्हाळे सगुणाला कधी आठवले नाहीत. खोटं कशाला सांगू? डोहात गेलं ते गेलं. पण बोरांच्या त्या दिवसापासून तिला भाऊ होता, आणि तो तिचा होता. ती चौघं पुढं खूप वर्षं सुखानं राहिली.

आणि त्या सातजणी? त्याही सुखात असतील, बरं का. चला, पाय पांघरुणात घ्या. डोळे मिटा. मी आहे इथंच.